सरकारी रुपयाचा माग

भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५१ साली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करण्यासाठी चार जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते सनदी सेवेतून बाहेर पडलेले ए. डी. गोरवाला. सभासद होते बी. वेंकटप्पय्या आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. सचिव होते एन. एस. आर. शास्त्री. देशातले ७५ जिल्हे, त्यांतली ६०० गावे आणि त्या गावांतली १ लाख २७ हजार ३४३ कुटुंबे या पाहणीत आली. १९५४ च्या अखेरीस अहवाल बाहेर पडला आणि त्यातले एक कोष्टक पुढे सहकारावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसले. शेतकरी जे कर्ज काढतो, त्यातले सहकारी सोसायट्यांकडून किती, तर शेकडा ३.१. सरकारकडून शेकडा ३.३. व्यापारी बँकांकडून एक टक्कासुद्धा नाही. सावकारांकडून मात्र शेकडा सत्तरच्या आसपास. सहकाराचा कायदा १९०४ सालचा. अर्ध्या शतकाच्या खटाटोपाचे फळ एवढेच.

हे आकडे पाठ असलेले पुष्कळ लोक मला नोकरीच्या काळात भेटले. प्रशिक्षणवर्गात ते फळ्यावर लिहिले जात. पण त्याच अहवालात आणखी एक हिशेब होता, तो सहसा कुणी सांगत नसे. समितीने प्रत्येक गावातल्या शेतकऱ्यांची जमिनीप्रमाणे उतरंड लावली होती. वरचे दहा टक्के, वरचे तीस टक्के, मधले चाळीस, खालचे तीस. मग विचारले, की सरकार आणि सोसायटी जो काही थोडाफार पैसा देते, तो या उतरंडीत कुठल्या मडक्यात पडतो? उत्तर अडचणीचे होते. पैसा थोडा होता आणि तो थोडा पैसाही मुख्यतः वरच्या मडक्यांत पडत होता. खालचा माणूस सावकाराच्या ओट्यावर होता तिथेच होता.

शेतीसाठी सरकारने पैसा द्यावा की न द्यावा, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतात. दिलेला पैसा कोणाच्या अंगणात जातो, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. धनंजयराव गाडगिळांनी आयुष्यभर तो विचारला, त्यावर उपाय काढले, ते अमलात आणण्यासाठी स्वतः खुर्चीवर बसले, आणि त्यांच्याच उपायांचे पुढे काय झाले हे पाहण्याआधी ते गेले. म्हणून त्यांचे चरित्र आज पुन्हा सांगावेसे वाटते.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला त्यांचा जन्म झाला. वाढले नागपुरात. शिक्षणासाठी केंब्रिजला गेले आणि तिथे पदवीसाठी लिहिलेला प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचे ते पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला राहिले. परत आल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी झाली, मग सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे हे त्यांचे सासरे. त्यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू केली आणि एकोणतीस वर्षांचे धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. त्या खुर्चीवर ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे राहिले.

अर्थशास्त्रावर पुस्तके वाचून पुस्तके लिहिण्याचा तो काळ. धनंजयरावांनी संस्थेला वेगळे वळण लावले. माणसे बाहेर पाठवायची, घरोघर विचारायचे, वहीत उतरवायचे आणि मग बोलायचे. पुण्यात फळांचा बाजार कसा चालतो, बागाईतदाराच्या हातात किती पडते आणि दलालाच्या हातात किती, याची पाहणी १९३३ साली छापून आली. वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची १९४० साली आली. पुढे पुणे शहराची, सोलापूरची. या पाहण्यांत अलंकार नाहीत. कोष्टकामागून कोष्टक. पण ती कोष्टके नीट वाचली की गाव डोळ्यांसमोर उभे राहते. कोणाकडे बैल आहे, कोणाकडे नाही, कोण आपले वावर दुसऱ्याला लावून स्वतः मजुरीला जातो, हे सगळे त्यात दिसते.

त्यांतली एक पाहणी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नगर-नाशिक भागात प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष फायदा किती झाला, याचा हिशेब संस्थेने मांडला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध झाला. हे कालवे मुळात खोदले गेले ते दुष्काळापासून संरक्षण म्हणून. ज्वारी-बाजरीला पाण्याच्या एक-दोन पाळ्या मिळाल्या, तर माणसे मरणार नाहीत, हा हेतू. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पण पाऊस बरा पडला की ज्वारीवाला पाणी घेईना, आणि पाणीपट्टी आली नाही तर कालव्याचा खर्च निघेना. म्हणून उसाला पाणी आले. ऊस म्हणजे भांडवल आले. खते, पेंड, बारा-अठरा महिन्यांची वाट. ते ज्याच्याजवळ नव्हते, तो कर्जात बुडाला किंवा त्याने जमीन खासगी साखर कंपन्यांना खंडाने देऊन टाकली. सरकारने तिजोरीतून पाणी आणले शेतकऱ्याच्या बांधापर्यंत, आणि त्या पाण्याचा फायदा घेण्याची ऐपत नसल्यामुळे शेतकरीच बांधावरून उठला.

आपण अनुदान म्हटले की खतावरची सूट, पंपाची वीज, खात्यावर जमा होणारे पैसे एवढेच डोळ्यांपुढे आणतो. कालव्याचे पाणी हे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे अनुदान आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. कारण ते रुपयांत मोजून कुणाच्या हातावर ठेवले जात नाही. त्याचाही लाभार्थी कोण हे कागदावर उतरवता येते, हे धनंजयरावांच्या संस्थेने दाखवले.

युद्ध संपता संपता सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली कृषी वित्त उपसमिती नेमली. तिचा अहवाल १९४५ चा. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे जुने कर्ज सक्तीने तडजोडीत काढावे आणि जिथे सहकार पोचलेला नाही, तिथे सरकारने शेती-पतमहामंडळे काढावीत, अशी त्याची दिशा होती. महामंडळे निघाली नाहीत. पण त्याच वर्षी बेलापूरला कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद धनंजयरावांकडे होते. तिथून महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासाला जे वळण लागले, ते सर्वांना ठाऊक आहे.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे फारसे न शिकलेले शेतकरी. १९२३ साली त्यांनी गावात पतपेढी काढली होती. गावकऱ्यांच्या जमिनी सावकाराकडून सोडवायच्या, हा त्यांचा ध्यास. केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ आणि लोणीचा शेतकरी यांची जोडी जमली, कारण दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती. खासगी कारखान्याला ऊस घालणारा एकेकटा शेतकरी भाव ठरवू शकत नाही. शेतकऱ्यांनी कारखानाच काढला तर? मुंबई राज्याचे अर्थ व सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. सरकारने भागभांडवलात पैसा घातला, औद्योगिक वित्त महामंडळाच्या कर्जाला हमी दिली. धनंजयराव कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ साली प्रवरेचा पहिला गळीत हंगाम झाला. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना.

प्राध्यापकाने कारखान्याच्या अध्यक्षपदी बसावे, हे त्या काळी लोकांना नवलाचे वाटले. ते नुसते शोभेचे अध्यक्ष नव्हते. सभासद लहान असो वा मोठा, मत एक. ऊस ज्याचा त्याच्या वजनाप्रमाणे पैसा. हिशेब सर्वांना दिसेल असा. पुणेकर असल्यामुळे गावातल्या कुठल्याही भावकीचे ते नव्हते, ही त्यांची मोठी सोय होती. पाच-दहा एकरांचा शेतकरी कारखान्याचा मालक म्हणून सर्वसाधारण सभेत उभा राहून प्रश्न विचारू लागला, ही त्या भागात पूर्वी न घडलेली गोष्ट होती. सरकारी पैसा गावातल्या बलवंताच्या हाती न जाता लहान शेतकऱ्याच्या हाती जाऊ शकतो, असे त्यांना प्रवरेने दाखवले.

हा अनुभव घेऊन ते गोरवाला समितीत बसले होते. आता त्या अहवालाकडे परत येऊ. सरकार थेट शेतकऱ्याला देत असे ते कर्ज म्हणजे तगाई. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. समितीने तगाईची उलटतपासणी केली, तेव्हा निघालेली यादी अशी: रक्कम अपुरी, वाटप असमान, तारण जमिनीचे, पैसा हातात पडतो तेव्हा पेरणी होऊन गेलेली, मध्ये हेलपाटे आणि हात ओले करणे, वर देखरेख नाही. ज्याच्या नावावर जमीन आहे, ज्याची तलाठ्याशी ओळख आहे, ज्याला तालुक्याला चार खेपा घालायला सवड आहे, त्याला तगाई मिळे. कुळाला, वाटेकऱ्याला, कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्याला ती मिळत नसे. यात कुणी एक लबाड होता असे नाही. नियमच असे होते, की ते पाळले तरी पैसा वरच जाणार.

यावर समितीचा उपाय तीन पदरी होता. पहिला, कर्ज जमिनीच्या तारणावर न देता उभ्या राहणाऱ्या पिकाच्या हिशेबाने द्यावे. जमीन नावावर नसली तरी पीक कसणाऱ्याचे असते. दुसरा, कर्ज, मालाची साठवण आणि विक्री हे एका साखळीत बांधावे, म्हणजे पीक सोसायटीमार्फत विकले जाईल आणि वसुली तिथेच होईल. अडत्याच्या दारात शेतकरी पुन्हा अडकणार नाही. तिसरा, आणि सर्वांत वादाचा, सरकारने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे. गावातली सावकार, व्यापारी आणि मोठा जमीनदार यांची फळी इतकी घट्ट आहे, की दुबळ्यांच्या सोसायटीला सरकारचे पाठबळ नसेल तर ती टिकणारच नाही, हा त्यामागचा विचार. सरकारचा भाग कायमचा नव्हता. सोसायटी सशक्त झाली की सरकारचे भाग परत करून तिने स्वतंत्र व्हायचे होते. याच अहवालातून इंपीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक झाली आणि गोदामांचे जाळे उभे राहिले.

या तिसऱ्या पदरावर टीका झाली आणि ती सामान्य माणसांनी केली नाही. पंजाबात शेतकऱ्यांच्या कर्जाचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले माल्कम डार्लिंग १९५७ साली पुन्हा भारतात आले आणि त्यांनी सरकारी हस्तक्षेपाबद्दल धोक्याचा इशारा दिला. खुद्द पंतप्रधान नेहरूंना सरकारच्या भागीदारीचे धोरण १९५८ पर्यंत खटकू लागले होते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ डॅनियल थॉर्नर देशभरच्या सोसायट्या पाहत हिंडले. त्यांचे म्हणणे असे, की गावातल्या सत्तेची मांडणी जोवर बदलत नाही, तोवर सोसायटी काढा, सरकारचा पैसा घाला, काही करा, ती बलवंतांच्याच ताब्यात जाणार. डार्लिंगना सरकार फार वाटत होते. थॉर्नरना फक्त सरकार पुरेसे वाटत नव्हते. धनंजयराव या दोघांच्या मधे उभे होते. सरकारशिवाय दुबळा उभा राहणार नाही, हे त्यांना प्रवरेच्या काठी दिसले होते. आणि जमीनसुधारणा, भाव, पाणी, पत या सगळ्या बाजूंनी एकाच वेळी हात घातल्याशिवाय चालणार नाही, हे ते नियोजनावरच्या लेखनात सतत सांगत होते. सरकारने यांतले सोयीचे ते उचलले.

१९६६ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली आणि १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. दोन दुष्काळ होऊन गेले होते, पंचवार्षिक योजनेला सुट्टी दिलेली होती. संकरित बियाण्यांचे नवे धोरण सुरू झाले होते आणि त्याचा भर जिथे पाणी आहे, खताला पैसा आहे, अशा भागांवर होता. त्यामुळे पुन्हा तोच प्रश्न नव्या रूपात आला. दिल्लीतून राज्यांना मिळणारी मदत कोणत्या नियमाने? तोवर ती बरीचशी योजनेनुसार, ओळखीनुसार, पुढाऱ्याच्या वजनानुसार जात असे. १९६९ साली मान्य झालेल्या गाडगीळ सूत्राने यावर उत्तर दिले. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड यांच्या गरजा आधी भागवायच्या. उरलेल्या रकमेतला ६० टक्के वाटा लोकसंख्येवर. दहा टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना. दहा टक्के राज्याने स्वतः कर बसवण्याच्या प्रयत्नावर. दहा टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी. दहा टक्के खास अडचणींसाठी. गावातल्या सोसायटीबद्दलचा विचारच त्यांनी राज्यांना लावला होता. मदत मागणाऱ्याच्या आवाजावर न ठरता आधी लिहून ठेवलेल्या नियमावर ठरावी.

त्याच वर्षी १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला, की प्रत्येक बँकेने देशभर पसरण्यापेक्षा ठरावीक भाग अंगावर घ्यावा, तिथल्या गरजा मोजाव्यात आणि त्याची जबाबदारी घ्यावी. यातून वर्षअखेरीस अग्रणी बँक योजना आली. लहान शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र विकास यंत्रणाही चौथ्या योजनेतलीच. तोवर लहान शेतकरी हा सर्व शेतकऱ्यांत धरलेला असे, म्हणजे धरलेला नसे.

१९७१ च्या निवडणुकीनंतर दिल्लीचे वारे बदलले. आयोगाची फेररचना ठरली आणि धनंजयराव पद सोडून पुण्याकडे निघाले. ३ मे १९७१ रोजी त्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. सत्तर वर्षांचे होते. मुलगी सुलभा ब्रह्मे यांनी पुढे महाराष्ट्राच्या दुष्काळाचा अर्थशास्त्रीय अभ्यास केला. मुलगा माधव गाडगीळ पश्चिम घाटाच्या अभ्यासाने देशाला परिचित झाला. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही घराची रीत दोघांनीही पाळली.

इथे चरित्र संपते. पण माणसाने सुरू केलेली कामे त्याच्यामागे चालू राहतात, आणि त्यांचे पुढे काय झाले हेही चरित्रातच धरले पाहिजे.

माझी बँकेतली नोकरी ऐंशीच्या दशकात ग्रामीण शाखेत सुरू झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. लहान शेतकऱ्याला पंचवीस टक्के सूट, अल्पभूधारक आणि मजुराला एक तृतीयांश, आदिवासीला निम्मी. पंचायत समितीकडून यादी येई, ग्रामसेवक अर्ज घेऊन येई आणि आम्ही कर्ज मंजूर करीत असू. म्हैस घेतली जाई, तिच्या कानात बिल्ला मारला जाई, छायाचित्र काढले जाई. कधीकधी एकच म्हैस तीन घरांच्या दावणीला उभी राहून गेलेली असे. पण खरी गोष्ट म्हशीची नव्हती. खऱ्या गरिबाच्या घरी म्हैस गेली तरी तिला चारा कुठून आणायचा? वैरण ज्याच्या शेतात पाणी आहे त्याच्याकडे. वर्ष-दीड वर्षात ती म्हैस पाणीवाल्याच्या गोठ्यात पोचलेली असे, सुटीची रक्कमही तिच्याबरोबर, आणि कर्जाची थकबाकी मात्र गरिबाच्या नावावर. यादीत लाभार्थी म्हणून नाव त्याचे होते. यादी बघून कोण म्हणेल, की अनुदान गरिबाला पोचले नाही?

या नोकरीत एक गोष्ट मनावर बिंबली. कर्ज आणि मदत यांची गल्लत झाली की दोन्ही बुडतात. ज्याची शेती कर्ज पेलू शकते, त्याला वेळेवर कर्ज द्यावे. ज्याची पेलूच शकत नाही, त्याला कर्ज देऊन नंतर माफ करणे हा मदतीचा फार महागडा आणि वाकडा मार्ग आहे. कारण माफी मिळते ती ज्याला बँकेने दारात घेतले होते त्याला.

२००८ सालच्या केंद्राच्या कर्जमाफीत हे स्पष्ट दिसले. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला एकरकमी परतफेडीत सवलत. ऐकायला न्याय्य. पण विदर्भातल्या कोरडवाहू कापसाचे सात-आठ एकर आणि कालव्याखालच्या उसाचे चार एकर यांत गरीब कोण, हे एकराच्या पट्टीने कळत नाही. विदर्भातला पुष्कळसा शेतकरी दोन हेक्टरांच्या रेषेच्या पलीकडे पडला. आणि ज्याने सावकाराकडून घेतले होते, त्याच्यासाठी तर या योजनेत रकानाच नव्हता. भारताच्या महालेखापालांनी २०१३ साली तपासणीचा अहवाल दिला. तपासलेल्या ९० हजारांहून अधिक खात्यांपैकी २२ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत त्रुटी होत्या. पात्र असून वगळलेलेही होते आणि अपात्र असून मिळालेलेही. पुढे राज्याने २०१७ साली दीड लाखापर्यंतची आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतची माफी केली. दाराबाहेरचा माणूस दर वेळी दाराबाहेरच राहिला.

२०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार रुपये थेट खात्यात येऊ लागले, २०२३ पासून त्यात राज्याने आपले सहा हजार घातले. मधले हात गेले, हेलपाटे कमी झाले, ही मोठी सुधारणा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. तगाईच्या यादीतले अर्धे दोष त्यामुळे पुसले गेले. पण पहिला दोष शिल्लक आहे. हे पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. बटाईने कसणारा वाटेकरी, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच्या जमिनीत राबणारी बाई, दुसऱ्याच्या वावरात निंदणी करणारा मजूर यांना ते मिळत नाहीत. शहरात स्थायिक झालेला, आयकराच्या मर्यादेत न येणारा आणि गावी दोन एकर वाट्याने लावून मोकळा झालेला हिस्सेदार मात्र त्यात बसतो. पीक कसणाऱ्याचा हिशेब धरा, जमिनीच्या कागदाचा धरू नका, हे १९५४ सालीच सांगून झाले होते.

आणि प्रवरेपासून सुरू झालेल्या साखर कारखान्यांचे काय? त्यांनी नगर, सांगली, कोल्हापूर भागात रस्ते, शाळा, दवाखाने आणले, खासगी कंपन्यांच्या खंडातून शेतकऱ्याला सोडवले, हे कुणी नाकारू नये. पण सरकारचे भाग परत करून स्वतंत्र होण्याची जी कल्पना होती, ती बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिली. शासकीय हमी वाढत गेली, कारखान्याची खुर्ची ही विधानसभेची पायरी झाली, पुष्कळ कारखाने आजारी पडले आणि काही लिलावात निघून खासगी मालकीचे झाले. ज्या खासगी मालकीतून सुटण्यासाठी सरकारी पैसा घातला, तिथेच त्या पैशाने बांधलेली यंत्रे जाऊन पोचली. लागवडीच्या क्षेत्रात उसाचा वाटा थोडक्या टक्क्यांचा असूनही सिंचनाच्या पाण्याचा मोठा हिस्सा तो पितो. कालव्याची पाहणी करणाऱ्याला यात काही नवे वाटले नसते.

मग धनंजयराव चुकले का? सरकारची भागीदारी तात्पुरती राहील हा त्यांचा भरवसा खोटा ठरला, असे म्हणावे लागेल. भागीदार म्हणून आलेले सरकार आणि सभासद म्हणून आलेले बलवंत यांची सोयरीक जमेल, याचा अंदाज थॉर्नरना आला तितका त्यांना आला नाही. सर्वसाधारण सभेत लहान सभासद प्रश्न विचारत राहील, या गृहीतकावर त्यांची सारी इमारत होती. पण त्यांच्या निदानात खोट नव्हती. सरकारी मदत ही पाण्यासारखी उताराकडे जात नाही. ती कागद, ओळख आणि तारण यांच्या चढाने वर जाते. तिला खाली आणायचे तर मुद्दाम चर खणावा लागतो, आणि तो बुजतो आहे का हे दर हंगामाला जाऊन पाहावे लागते.

हे पाहण्याचे काम आता फारसे कुणी करत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातले जवळजवळ ८० टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत आणि सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे. योजनेची जाहिरात येते तेव्हा लाभार्थी किती लाख आणि रक्कम किती कोटी, एवढे दोन आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात. त्यांच्या जोडीला आणखी चार रकाने छापणे अशक्य नाही. लाभार्थ्याची जमीन किती, पाण्याखालची किती, कसतो कोण, आणि नाव बाईचे की पुरुषाचे. ठिबकच्या अनुदानाला, पंपाच्या विजेला, पीकविम्याला, प्रत्येकाला हे रकाने लावता येतील. संगणक नसताना, सायकलवरून गावोगाव हिंडणाऱ्या तपासनिसांच्या बळावर १ लाख २७ हजार कुटुंबांची उतरंड लावता आली होती. आज प्रत्येक खाते संगणकावर आहे, सातबारा संगणकावर आहे. तालुक्याच्या प्रत्येक गावात असा तक्ता वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचला जावा. ज्याच्या नावावर म्हैस आली आणि गेली, तो माणूस तिथे बसलेला असेल. त्याला काय म्हणायचे आहे ते तो सांगेल.